तुम्ही विचारलंत म्हणून: जपानी भुतं, आणि ती पण तुकड्यातुकड्यांत का?

"एवढे हॉरर बघतेस, मग जपानीच का, आणि त्यातही एका पिक्चरमध्ये चार-चार गोष्टी कोंबलेलेच का?" हे इतक्या जणांनी विचारून झालंय की म्हटलं आता लिहूनच टाकू.

माझं उत्तर सोपं आहे, भुताची गोष्ट लांबवली की मरते. दोन तासांचा पिक्चर असला की इंटरव्हलनंतर कोणीतरी जुने पेपर चाळत बसणार, भूत कोणाचं, कसं मेलं, कोणी मारलं सगळं बाहेर येणार, आणि ते कळलं की भीती गेली, उरला नुसता पोलीस तपास. (१९९८चा 'रिंग' याला अपवाद, कारण तिथे तपास पूर्ण होतो आणि तरीही त्याचा शष्प उपयोग होत नाही.)

आता 'क्वाइदान' घ्या. मासाकी कोबायाशीचा, १९६४चा, तीन तासांचा, पण चार वेगळ्या गोष्टी. पुढच्या वर्षी फ्रान्समधल्या कान फिल्म फेस्टिव्हलला स्पेशल ज्युरी प्राइझ मिळालं त्याला. जवळजवळ सगळं शूटिंग विमानाच्या एका रिकाम्या हँगरमध्ये, आभाळ चक्क रंगवलेलं, आणि बर्फातल्या बाईच्या गोष्टीत तर त्या आभाळाला डोळे आहेत, मोठ्ठे, वरून बघणारे. खोटं आहे हे दिसत असतं तरी अंगावर येतं. तोरू ताकेमित्सूचं संगीत तर संगीत वाटतच नाही, लाकूड तडकल्यासारखे आवाज येतात आणि मध्येच सगळं गप्प.

या गोष्टी लिहिल्या लाफ्काडिओ हर्नने, जन्म ग्रीसचा, बाप आयरिश, १८९०ला जपानला गेला तो तिथलाच झाला. गोष्टी त्याला बायको सांगायची, सेत्सू, आणि त्याची अट अशी की पुस्तकात बघून वाचायचं नाही, तुझ्या शब्दांत सांग. मला वाटतं सगळी गंमत इथेच आहे, तोंडी सांगितलेली गोष्ट एका बैठकीत संपावी लागते, आणि ऐकणाऱ्याने "पण का?" विचारलं तर सांगणारा म्हणतो मला काय माहीत, मी ऐकलं ते सांगितलं. कोकणातल्या कुठल्याही आजीला विचारा, हेच उत्तर मिळेल. 'क्वाइदान'ची चौथी गोष्ट तर अर्धवटच आहे, चहाच्या कपात एका सामुराईला अनोळखी माणसाचा चेहरा दिसतो, तो तसाच चहा पिऊन टाकतो, आणि पुढे लेखकाने गोष्ट पूर्ण केलेलीच नाही. बरेच लोक यावर चिडतात. मला तीच सगळ्यात आवडते.

टीव्हीवर पण तेच. 'ज्यू-ऑन' या जपानी हॉरर पिक्चरच्या मालिकेचं मूळ कुठे आहे माहितीये? १९९८ला शाळेतल्या भुतांवर एक टीव्ही अँथॉलॉजी, म्हणजे सुट्या गोष्टींचा कार्यक्रम, आली होती, त्यात ताकाशी शिमिझूचे जेमतेम तीन-तीन मिनिटांचे दोन तुकडे. एकात एक मुलगा वाजणारा मोबाइल उचलतो, स्क्रीनवर नुसते चार-चार-चार (जपानीत 'चार'चा एक उच्चार आणि 'मरण' सारखेच). बास. नंतर त्यावर पिक्चरच्या रांगा लागल्या, अमेरिकेत २००४ला शिमिझूनेच रिमेक केला, पण त्या तीन मिनिटांची सर एकालाही नाही, माझ्या मते तरी.

आणि हो, सुरुवात कुठून करू विचारणाऱ्यांनी 'क्वाइदान'ची थेट तिसरी गोष्ट लावा, आंधळ्या होइचीची, ज्याच्या अंगभर मंत्र लिहितात आणि कान विसरतात. बाकीच्या तीन नंतर बघितल्या तरी चालतंय, नाहीच बघितल्या तरी चालतंय.