ठिपके जोडायचे नाहीत

ठिपक्यांच्या रांगोळीत वाढलेली पोट्टी कागदावर ठिपके काढू लागली, की दहाव्या ठिपक्याला हात आपोआप रेघ ओढायला जातो. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची चित्रं ओळख करून देताना आधी हेच सांगायचं: इथे ठिपका सुटाच राहतो.

मग अंगणात जायचं. एकाला मऊ फुफाट्यात मांडी घालून बसवा, अलगद उठवा. मागे नालेसारखा बाक उरतो. मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या चित्रांत बसलेल्या माणसाची खूण अशीच असते. वर्तुळात वर्तुळ म्हणजे पाणवठा किंवा मुक्काम. सगळं वरून पाहिलेलं. 1971 मध्ये तिथल्याच पापुन्या या वस्तीच्या शाळेत जेफ्री बार्डन या शिक्षकाच्या प्रोत्साहनाने तिथल्या जाणत्यांनी मधमुंगीची कथा भिंतीवर रंगवली. पुढे चित्रं बाहेरच्यांच्या नजरेस पडू लागली, तेव्हा पवित्र खुणा झाकायलाही ठिपके कामी आले. त्या कथांना मालक आहेत. त्यामुळे मोबाइलवरून नक्कल नको. आपली विहीर, पाणंद, नाला काढा.

चार बाय तीन फुटांच्या खाकी कागदाभोवती सहाच मुलं. आदल्या दिवशी गेरूचा हात द्यायचा, त्यात फेविकॉल हवंच. नाहीतर गेरू सुटतो आणि पांढरे ठिपके गुलाबी होतात. रंगाला चार चमचे वस्त्रगाळ पिवळी माती, खडूची पूड किंवा कोळशाची पूड, एक चमचा फेविकॉल, पाणी थेंबाथेंबाने. कोळसा पाण्यावर तरंगतो, तो आधी फेविकॉलमध्येच घोटावा. चुना मात्र नको, कातडी आणि डोळे भाजतात.

ठिपक्याला तुराटी उत्तम: चार इंच तोडून टोक दगडावर घासून सपाट करायचं. पऱ्हाटीची साल सुटते, धागे रंगात येतात. एका बुडवणीत एकच ठिपका, दोन ठिपक्यांत ज्वारीच्या दाण्याएवढी जागा. ठिपक्याला शेपूट आलं तर रंग पातळ आहे; टोक वर उभं राहिलं तर घट्ट.

सुरुवात मधल्या विहिरीपासून करून बाहेर सरकायचं, नाहीतर कोपराने निम्मं पुसलं जातं. वाट्या जागच्या हलवू नका, मुलांनाच जागा बदलू द्या. पंचवीस मिनिटांनंतर पाच वर्षांची मुलं ठिपके सोडून काडी घासू लागतात, तिथेच थांबा.

कागद आडवाच वाळवा. नंतर गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवा, आत ठेवली की ठिपके दबून उडतात.