निकालाची नक्कल हातात यायला लागलेले 30 दिवस – माझा अनुभव

वकिली सुरू करून मला चौथं वर्ष चालू आहे. टाइम मॅनेजमेंटचे सल्ले मी भरपूर ऐकलेत, पहाटे उठून ड्राफ्टिंग, फोन दुसऱ्या खोलीत, सगळं करून बघितलं आणि त्याचा उपयोगही झाला. पण माझा वेळ खरा कुठे जातो तर नक्कल विभागाच्या, म्हणजे कोर्टाच्या निकालाच्या प्रमाणित प्रती जिथे मिळतात त्या विभागाच्या खिडकीसमोर, आणि त्याबद्दल ज्युनिअरला आधी कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहितेय.

2025 च्या जुलैमधली गोष्ट. वहिवाटीच्या रस्त्याचा दावा, तालुक्याच्या कोर्टातला. 3 जुलैला निकाल लागला, आमचा दावा फेटाळला. पक्षकार काका पायऱ्या उतरतानाच म्हणाले, "ताई, वर जायचंच." जिल्हा न्यायालयात अपील करायला 30 दिवस असतात. मी विचार केला की डिक्री (निकालावरून कोर्ट वेगळा बनवतं तो हुकूमनामा) तयार होऊ दे, मग निकाल आणि डिक्री दोन्हीच्या नकलेला एकदमच अर्ज करू, तेवढीच एक फेरी वाचेल. अर्ज केला 14 जुलैला.

इथेच चुकलं. लिमिटेशन ॲक्टच्या, म्हणजे मुदतीच्या कायद्याच्या कलम 12 प्रमाणे नक्कल मिळायला लागलेला वेळ मुदतीतून वगळतात हे कॉलेजात पाठ केलेलं असतं, पण त्याच कलमाखाली स्पष्टीकरण आहे की नकलेचा अर्ज करायच्या आधी कोर्टाला डिक्री बनवायला जो वेळ लागला तो वगळायचा नाही. म्हणजे मी डिक्रीची वाट बघत बसले ते 10 दिवस गेलेच. आणि वाट बघायची गरजही नव्हती, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 20 रूल 6ए प्रमाणे डिक्री तयार नसेल तर निकालाच्या प्रतीवर अपील दाखल करता येतं.

अर्ज दिल्यावर फेऱ्या सुरू. पहिल्यांदा गेले तर फाईल अजून कोर्टातून आलीच नव्हती. मग आली, तर टाइप झालेली प्रत मूळ निकालाशी पडताळायची राहिली होती. मग सहीला गेली आणि साहेब रजेवर. प्रत्येक वेळी खिडकीवरचे क्लार्क भाऊसाहेब मान वर करून "मॅडम, परवा या" एवढंच म्हणायचे, परवा म्हणजे नक्की कधी ते विचारलं तर "सांगता येत नाही". त्यांच्या टेबलावर अर्जांचा हातभर गठ्ठा होता आणि माणूस एकच, हे मला दिसत होतं, तरी राग यायचाच, कारण खिडकीवर उभं राहायचं तर आपल्या बोर्डाकडेही (त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीकडे) कान ठेवावा लागतो, पुकारा झाला आणि आपण नसलो तर तिकडे वेगळंच होऊन बसतं. मी डायरीत मांडून ठेवलंय, नऊ फेऱ्या, सरासरी 40 मिनिटं, म्हणजे सहा तास. अपिलाचा मेमो, म्हणजे खुद्द अपिलाचा मसुदा लिहायलासुद्धा मला एवढेच लागले.

हो, मेमोवरून आठवलं, त्यासाठी नकलेची वाट बघू नका. निकाल ई-कोर्ट्सच्या साइटवर अपलोड झाला की त्यावरूनच ग्राउंड्स (अपिलाची कारणं) लिहायला घ्या, नक्कल आली की पान नंबर आणि परिच्छेद तेवढे ताडून बघायचे. मी मात्र नक्कल येईपर्यंत एक ओळ लिहिली नव्हती.

7 ऑगस्टला गुरुवारी गेले तर उत्तर "पुढच्या आठवड्यात". नक्कल प्रत्यक्षात तयार झाली 8 तारखेला, शुक्रवारी. शनिवार-रविवार गेले, सोमवारी दोन मॅटर्समध्ये अडकले, आणि 12 ऑगस्टला ती हातात आली. मला इतकं हायसं वाटलं की तिथेच बाकावर बसून हिशोब केला, 10 दिवस वापरलेत, 20 शिल्लक, म्हणजे 1 सप्टेंबर शेवटचा दिवस. डायरीत लिहून लाल पेनाने गोल केला.

ऑफिसात सरांनी नक्कल उलटी केली आणि मागचा शिक्का दाखवला. त्यात तारखा असतात, अर्ज कधी, नक्कल तयार कधी, दिली कधी. सर म्हणाले, "बाळ, मुदत तयार झाल्यापासून मोज. तू कधी नेलीस याच्याशी कोर्टाला काय करायचंय?" 14 जुलै ते 8 ऑगस्ट हे 26 दिवसच वगळायचे, शेवटचा दिवस 28 ऑगस्ट. त्यात 27 ला गणपती. 1 सप्टेंबर धरून निवांत बसले असते तर विलंब माफीचा अर्ज, त्यावर समोरच्याचं म्हणणं, त्याच्या वेगळ्या तारखा, आणि काकांना काय तोंड दाखवलं असतं! अपील 21 ऑगस्टला दाखल केलं. त्या रात्री किती तरी दिवसांनी शांत झोप लागली.

तेव्हापासून निकाल ज्या दिवशी, नकलेचा अर्ज त्याच दिवशी, कोर्टातून निघायच्या आधी. अर्जाचा नंबर पडला की फोनमध्ये फोटो. नकलेचे पैसे भरायला सांगितले की लगेच भरा, आपल्यामुळे झालेला उशीर वगळत नाहीत. डायरीचं शेवटचं पान मी नकलांसाठी ठेवलंय, अर्ज, तयार, मिळाली, शेवटचा दिवस असे चार रकाने, आणि चौथा रकाना दुसऱ्या कोणाकडून तरी मोजून घ्यायचा. रोज चकरा मारणं बंद केलं, आता मंगळवार आणि शुक्रवार, साडेचारनंतर, कारण आमच्याकडे सह्या झालेल्या नकला संध्याकाळीच खाली येतात. तुमच्या कोर्टाची वेळ वेगळी असेल, तिथल्या जुन्या क्लार्कना विचारा, त्यांना सगळं माहीत असतं. आणि इंटर्नशिपला आलेल्या मुलामुलींनो, सिनिअरकडे हट्ट धरून एकदा तरी नकलेचा अर्ज स्वतः लिहा आणि आलेल्या नकलेमागचा शिक्का वाचून मुदत मोजा. ते मला चौथ्या वर्षी कळलं.