अ‍ॅबर्डीनचा शॉर्टस्टॉप

२०२३ च्या जूनमध्ये बाबा सांगलीहून आमच्याकडे आले होते. नायगारा झाला, वॉशिंग्टन झालं. पण परत गेल्यावर शेजाऱ्यांना त्यांनी रंगवून सांगितलं ते अ‍ॅबर्डीनच्या मैदानाबद्दल. बाल्टिमोरच्या ईशान्येला, हायवेला लागून असलेलं हे आमच्या जवळचं छोटं गाव. तिथल्या आयर्नबर्ड्स या खालच्या लीगमधल्या बेसबॉल संघात तेव्हा १९ वर्षांचा जॅक्सन हॉलिडे शॉर्टस्टॉप खेळत होता.

शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहणारा क्षेत्ररक्षक. उजव्या हाताने खेळणाऱ्यांचे जमिनीलगतचे कितीतरी फटके त्याच्याच अंगावर येतात. फलंदाजाला पहिल्या बेसपर्यंत ९० फूट धावायचं असतं आणि त्याला साधारण सव्वाचार सेकंद लागतात. तेवढ्यात चेंडू अडवायचा, हातमोज्यातून काढायचा आणि मैदानाच्या पलीकडे, पहिल्या बेसकडे अचूक फेकायचा. चेंडू एकदा जरी हातातून निसटला तरी संपलं. बाबा एकनाथ सोळकरांचे भक्त, २७ कसोटींत ५३ झेल हे त्यांना पाठ. ते दोन-तीन डाव गप्प बसून बघत होते. मग म्हणाले, "अगं, त्याचे हात नको बघूस, पाय बघ. फटका बसायच्या आधीच हा हललेला असतो." त्यानंतर मी पायच बघायला लागले, आणि तेव्हापासून हा खेळ मला वेगळा दिसतो.

जॅक्सन ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटरचा. वडील मॅट हॉलिडे सात वेळा ऑल-स्टार, म्हणजे वरच्या लीगमधल्या निवडक खेळाडूंपैकी, काका तिथल्याच विद्यापीठाच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक. शाळेच्या शेवटच्या मोसमात त्याने ८९ हिट्स, म्हणजे सुखरूप बेस गाठून देणारे फटके, मारल्या आणि जे. टी. रिअलम्युटोचा ८८ चा राष्ट्रीय शालेय विक्रम मोडला. जुलै २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीत, वरच्या लीगमधल्या बाल्टिमोर ओरिओल्सने त्याला देशात सगळ्यात पहिला उचलला. करारावर सही करताना त्याला ८१ लाख ९० हजार डॉलर मिळाले.

बाबांचा प्रश्न साधा होता : "मग हा इथे काय करतोय?" आपल्याकडे शारदाश्रमचा सचिन १५ व्या वर्षी रणजीत शतक ठोकतो आणि वर्षभरात पाकिस्तानात कसोटी खेळतो. इथे मात्र पहिल्या नंबरच्या मुलालाही एकेक पायरी चढावी लागते. वरच्या लीगच्या खाली चार पायऱ्या : लो-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. जॅक्सनने त्या एका वर्षात चारही पाहिल्या : एप्रिलमध्ये डेलमार्वा, मग आमचं अ‍ॅबर्डीन, जुलैत बोवी, सप्टेंबरात नॉरफोक. सोमवार सोडला तर रोज सामना, आणि प्रवास बसचा. मला ही पद्धत मनापासून पटते. शाळेतल्या गोलंदाजांसमोरचा विक्रम वेगळा आणि थकलेल्या अंगाने सलग सहाव्या दिवशी सरळ चेंडू फेकणं वेगळं.

पण त्याच बसमध्ये बाकीचेही असतात. २०२३ मध्ये खालच्या लीगमधल्या या खेळाडूंसाठी संघटनेचा पहिला करार झाला, तेव्हा हाय-एचा किमान पगार वर्षाला ११,००० वरून २७,३०० डॉलर झाला. अमेरिकेत ११,००० मध्ये माणूस जगूच शकत नाही. २०२२ पासून राहायची सोय संघाने करायची असते. त्याआधी गावातली घरं मुलांना ठेवून घ्यायची. आमच्या शेजारच्या आजींनी कितीतरी उन्हाळे दोन-दोन मुलं सांभाळली. त्यांच्या फ्रिजवर अजून फोटो आहेत. त्यातला एकही वरच्या लीगमध्ये पोचला नाही, पण नाताळला त्यांची कार्डं येतात. ते फोटो दाखवताना आजी प्रत्येकाला काय जेवायला आवडायचं ते सांगतात. बाबांनी एकेक नाव विचारून घेतलं होतं.

या मैदानाला नाव आहे रिपकेनचं. कॅल रिपकेन ज्युनियर अ‍ॅबर्डीनच्याच शाळेतला. १९७८ मध्ये तो दुसऱ्या फेरीत निवडला गेला आणि पहिल्या उन्हाळ्यात ब्लूफील्डच्या संघात त्याला एकही होम रन, म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका, मारता आला नाही. १९८१ मध्ये तो ट्रिपल-एला रॉचेस्टरकडे होता. एप्रिलमधल्या कडाक्याच्या थंडीत पॉटकेटला सुरू झालेला सामना ३२ डाव होऊनही सुटेना, म्हणून पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी थांबवावा लागला. स्टँडमध्ये तेव्हा १९ प्रेक्षक उरले होते. उरलेला एक डाव जूनमध्ये झाला. व्यावसायिक बेसबॉलमधला तो सगळ्यात लांब सामना. हाच रिपकेन पुढे ओरिओल्सचा शॉर्टस्टॉप झाला आणि सलग २,६३२ सामने खेळला. हे ऐकून बाबांनी विचारलं ते त्या १९ प्रेक्षकांबद्दल. ते कोण असतील, घरी काय सांगून आले असतील.

जॅक्सन १० एप्रिल २०२४ ला बॉस्टनमध्ये पहिल्यांदा वरच्या लीगमध्ये उतरला. १० सामने, ३४ प्रयत्नांत २ हिट्स. महिना संपायच्या आत त्याला परत नॉरफोकला पाठवलं. मला फार वाईट वाटलं. वीस वर्षांच्या पोराचं अपयश अख्खा देश मोजत होता. ३१ जुलैला त्याला पुन्हा बोलावलं, आणि त्याच दिवशी तिन्ही बेस भरलेले असताना त्याने चेंडू थेट मैदानापलीकडच्या युटॉ स्ट्रीटवर भिरकावला. वरच्या लीगमधला त्याचा पहिला होम रन.

मी तो व्हिडिओ बाबांना पाठवला. त्यांनी तो दोन वेळा पाहिला आणि फोन केला.

"छान मारलाय. पण मला सांग, तो दुसऱ्या बेसवर का उभा होता?"

शॉर्टस्टॉपच्या जागी गनर हेंडरसन आहे, मी म्हटलं. तोही शाळेतूनच आलेला, त्यानेही अ‍ॅबर्डीनची बस केलेली.

"बरं," बाबा म्हणाले, "मग त्याचे पाय दाखव."