एट्झेल म्हणजे अटिलाच का?

जर्मन शिकवताना मी वरच्या वर्गाला ‘निबेलुंगनलीड’मधले उतारे देते. इसवी सन १२०० च्या सुमाराला कुणा अनाम कवीने रचलेलं हे महाकाव्य. त्यात हूणांचा राजा एट्झेल येतो, आणि दर वर्षी कुणीतरी विचारतंच, “मॅडम, हा अटिलाच ना? मग इतका भला कसा?” तेवढ्यात तास संपतो आणि माझं उत्तर अर्धवट राहतं. तुम्ही पुन्हा विचारलंत, म्हणून आज सविस्तर लिहिते.

हो, पाचव्या शतकातला हूणांचा राजा अटिलाच. नावाने घाबरू नका. इंग्रजीतलं ‘सिट’ जर्मनमध्ये ‘झिट्झेन’ होतं, तसाच इथे ‘ट’चा ‘ट्झ’ झाला. ‘गास्ट’चं अनेकवचन ‘गेस्टे’ होतं, तसाच ‘अ’चा ‘ए’ झाला. मला यातली गोष्ट फार मोलाची वाटते: कवीने हे नाव लॅटिन पोथीतून उचललं असतं तर ते ‘अटिला’च राहिलं असतं. हे उच्चार बदलण्याच्या आधीपासून ते लोकांच्या तोंडी होतं, भाषेबरोबर झिजत आणि वळत आलं. मूळ नावही बहुधा गॉथिकच, म्हणजे गॉथ या जर्मानिक लोकांच्या भाषेतलं आहे. ‘अत्ता’ म्हणजे बाप, त्याला लाडाचा प्रत्यय. आपण ‘बापू’ म्हणतो तसं.

आता भलेपणाकडे येऊ. ४५१ मध्ये अटिला गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात घुसला, ४५२ मध्ये त्याने इटलीतलं अक्विलेया उद्ध्वस्त केलं. लॅटिनमध्ये लिहिणारे लोक तटबंदीच्या आतले होते, जळणाऱ्या चर्चमधले होते. त्यांच्या लेखी तो देवाचा आसूड, आणि इटालियन कवी दान्तेने तर त्याला नरकातल्या उकळत्या रक्ताच्या नदीत उभं केलं. पण गॉथ, गेपिड अशा कितीतरी जर्मानिक टोळ्या अटिलाच्या बाजूने लढत होत्या. गेपिडांचा राजा आर्डारिक त्याचा विश्वासू सल्लागार होता. या लोकांनी त्याला बघितलं ते पंगतीत, त्याच्याच शेजारी बसून. एट्झेलचा उदार, पाहुण्यांना जपणारा दरबार त्यांच्या गाण्यांतून पुढे आला, असं बहुतेक अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटतं.

त्या पंगतीचं डोळ्यांनी पाहिलेलं वर्णन आपल्याकडे आहे. ४४९ मध्ये कॉन्स्टँटिनोपलहून आलेल्या वकिलातीबरोबर प्रिस्कस नावाचा एक ग्रीक लेखक अटिलाकडे जेवला. पाहुण्यांना चांदीची ताटं होती, सोन्याचांदीचे पेले होते. अटिलापुढे मात्र लाकडी ताट, त्यात नुसतं मांस, आणि प्यायला लाकडी पेला. कपडे साधे, पण स्वच्छ. मग एक विदूषक आला, सगळे पोट धरून हसले. अटिलाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. शेवटी त्याचा धाकटा मुलगा एर्नाक आत येऊन जवळ उभा राहिला. अटिलाने त्याला गाल धरून जवळ ओढलं, आणि त्या क्षणी त्याची नजर मऊ झाली. शेजारी बसलेल्या एका हूणाने प्रिस्कसला हळूच कारण सांगितलं: हाच मुलगा तुझा वंश सावरील, असं भविष्य अटिलाला सांगितलं होतं.

मग सगळ्या उत्तरेला तो भलाच वाटला का? नाही. आइसलँडमध्ये लिहून ठेवलेल्या जुन्या काव्यात तो अटली आहे, सोन्याचा हावरा. तो बायकोच्या भावांना घरी बोलावून ठार मारतो, आणि ती, गुड्रुन, त्याचा सूड घेते: आधी स्वतःची मुलं मारून त्यालाच खायला घालते, मग त्याला संपवते. जर्मन काव्यात हीच बाई क्रीमहिल्ड होते आणि सगळं उलटं फिरतं. गुड्रुन माहेरासाठी नवऱ्याला मारते. क्रीमहिल्ड मारल्या गेलेल्या पहिल्या नवऱ्यासाठी, सीगफ्रीडसाठी, भावांना एट्झेलच्या दरबारी बोलावून माहेर बुडवते. एट्झेल तिथे दुसरा नवरा, ज्याला कटाची कल्पनाच नाही.

दोन्हीच्या मुळाशी खऱ्या घटना आहेत. ४३७ च्या सुमाराला हूणांनी ऱ्हाईनकाठच्या बर्गंडियन लोकांचं राज्य मोडलं, त्यांचा राजा गुंडाहार पडला. काव्यातला क्रीमहिल्डचा भाऊ गुंथर तो हाच. ४५३ मध्ये इल्डिको नावाच्या मुलीशी लग्न झालं त्याच रात्री अटिला नाकातून रक्त वाहून मेला. पुढच्या शतकात तिनेच त्याला भोसकलं अशी नोंद लिहिली गेलीच. इल्डिको आणि क्रीमहिल्ड या दोन्ही नावांत ‘हिल्ड’ आहे.

काळाचा हिशेब मात्र या कवींकडे मागू नका. एट्झेलच्या दरबारातला डीट्रिश म्हणजे गॉथांचा राजा थिओडोरिक. तो जन्मला अटिलाच्या मृत्यूच्या सुमाराला. पण त्याचा बाप खरोखर अटिलाच्या पदरी होता, आणि गाण्यांनी बापाची जागा मुलाला दिली.

एट्झेलची ती मेजवानी मी प्रिस्कसच्या पानाशेजारी ठेवून वाचते. राजा आपल्या लहानग्या ऑर्टलीबला पंक्तीत आणवतो. कौतुकाने म्हणतो, तुम्ही मामालोक याला आपल्या देशी न्या, वाढवा. गुंथरचा सरदार हागेन, ज्याने सीगफ्रीडला मारलं होतं, पोराकडे बघून म्हणतो, याचं आयुष्य फार दिसत नाही. थोड्याच वेळात बाहेर पाहुण्यांच्या माणसांची कत्तल झाल्याची बातमी येते, हागेनची तलवार फिरते आणि ऑर्टलीबचं डोकं क्रीमहिल्डच्या मांडीत पडतं. कवीने प्रिस्कस वाचलेला नसणारच. पण माझ्या वहीत ही दोन मुलं समोरासमोरच्या पानांवर आहेत, आणि पुढच्या तासाला आपण तीच दोन पानं वाचू.