तसाच शर्ट हवा होता

माझ्याकडे एक शर्ट होता. फिकट निळा, ऑक्सफर्ड कापडाचा, कॉलरच्या टोकांना बटणं असलेला. नऊ वर्षं वापरला. शेवटी कोपरापाशी कापड इतकं विरलं की आरपार दिसू लागलं, आणि कॉलरची घडी झिजून आतलं पांढरं अस्तर डोकावायला लागलं. बायको म्हणाली, "अहो, आता याला सोडा. पुसायला घेतलं तरी धागे सुटतील." मी म्हटलं, ठीक आहे, तसाच दुसरा आणतो. कपाटात ऑफिसचे कडक शर्ट डझनभर आहेत, पण सुटीच्या दिवशी बाहेर न खोचता घालावा असा शर्ट हा एकच होता. नवा आणायला एक संध्याकाळ पुरेल अशी माझी समजूत होती. त्यात सात महिने गेले.

पहिली चूक भाबडेपणाची. त्याच ब्रँडच्या दुकानात गेलो. तेच नाव, तेच कापड, लेबलवर तोच साइझ. घालून न बघताच घेतला, कारण माप माहीत असलेल्या माणसाने ट्रायल रूमच्या रांगेत का उभं राहायचं? घरी आल्यावर तो छातीवर ओढायला लागला, पहिल्या धुण्यानंतर बाही मनगटाच्या वर गेली आणि हात उंच केला की पोट उघडं पडायला लागलं. परत द्यायला गेलो तर धुतलेला कपडा कोण घेणार? त्यांचं बरोबरच होतं.

मग मी सगळ्यात आधी करायला हवं होतं ते काम केलं. दोन्ही शर्ट पलंगावर सपाट पसरले आणि मापाची टेप घेतली. जुना: काखेपासून काखेपर्यंत 56 सेंटिमीटर, खांदा 46, मागची लांबी 74, बाही 63. नवा, धुतल्यानंतर: 53, 45, 71, 60. छातीतला 3 सेंटिमीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो सपाट मापातला आहे. घेरात तो 6 होतो. माझी छाती 100 सेंटिमीटर. म्हणजे जुन्या शर्टात 12 सेंटिमीटरची ढिलाई होती आणि नव्यात निम्मीच उरली होती. लेबलवरचं अक्षर दोन्हीकडे एकच. ब्रँड मधल्या काळात कट बदलतात, 'रेग्युलर'चा 'स्लिम' होतो, आणि कळवायला कोणी येत नाही.

त्या चार आकड्यांची चिठ्ठी मी पाकिटात ठेवली. तिथून पुढची शोधाशोध निदान आंधळी राहिली नाही.

एक गोष्ट मात्र उशिरा लक्षात आली. जुन्या शर्टाचं माप हे शेकडो वेळा धुऊन आटलेलं माप होतं. न आटवलेलं सुती कापड पहिल्या काही धुण्यांत सहज 3 ते 5 टक्के आटतं. 74 सेंटिमीटरच्या लांबीत 4 टक्के म्हणजे जवळजवळ 3 सेंटिमीटर. जुन्या कापडांच्या काठावर 'सॅनफोराइज्ड' असा शिक्का असायचा तो याच कारणासाठी. सॅनफोर्ड क्लुएट नावाच्या माणसाने कापड आधीच यंत्रात दाबून आटवायची रीत काढली आणि 1930च्या सुमारास तिचं पेटंट घेतलं. तसं कापड पुढे 1 टक्क्याच्या आसपासच आटतं. आजकाल बरेच कॅज्युअल शर्ट शिवून झाल्यावर एकदा धुऊनच विकायला येतात. शिवणीपाशी कापड किंचित चुरमडलेलं दिसलं की समजावं, याचं आटणं बरंचसं उरकलेलं आहे. असा शर्ट नेमक्या मापाचा घ्यायचा. कोरा करकरीत असेल तर लांबी दोन-तीन सेंटिमीटर जास्तच घ्यायची.

आता दुकानं. आधी मोठ्या दुकानात गेलो, जिथे एका छताखाली वीस ब्रँड टांगलेले असतात. अशा ठिकाणचा खरा फायदा एकच, कापड हाताला लागतं. मी तिथे दोन तास नुसता फिरलो आणि विक्रेत्याला वाटलं हा माणूस काहीतरी लपवतोय. पण त्या दोन तासांत जे कळलं ते फोटो बघून कळलं नसतं. पॉपलिन गुळगुळीत आणि पातळ, साध्या विणीचं. दिसायला छान, पण न खोचता घातलं तर ऑफिसातून पळून आल्यासारखं दिसतं. ऑक्सफर्डमध्ये ताण्याचे, म्हणजे उभे, दोन बारीक धागे जोडीने जातात आणि बाण्याचा, म्हणजे आडवा, एक जाडसर धागा त्यांना ओलांडतो, म्हणून ते खडबडीत, दणकट आणि इस्त्रीशिवायही बरं दिसणारं. शँब्रे लांबून डेनिमसारखं दिसतं, कारण त्यातही ताणा रंगीत आणि बाणा पांढरा असतो. पण त्याची वीण साधी, डेनिमची तिरपी, त्यामुळे शँब्रे हलकं राहतं. लिनन म्हणजे जवसाच्या झाडाच्या खोडातला धागा. घाम झटकन शोषतो आणि झटकन वाळतो, पण त्याला लवचीकपणा जवळजवळ नाही, म्हणून बसून उठलं की चुण्या पडतात. त्या चुण्या ज्याला बघवत नाहीत त्याने लिननच्या वाटेला जाऊ नये. मला बघवतात.

ट्रायल रूममध्ये मी आता आरशासमोर ताठ उभा राहत नाही. दोन्ही हात वर करतो, मिठी मारल्यासारखे पुढे घेतो, मग खाली बसतो. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर आली की अर्धं काम झालं. बाही लांब असेल, पोटाशी घेर जास्त असेल, लांबी जास्त असेल, तर हे सगळं कुठलाही टेलर कमी करून देतो. खांदा चुकला तर शर्ट परत हँगरवर. तो सुधारायचा म्हणजे बाह्या उसवून शर्ट जवळजवळ नव्याने बांधायचा. आणि न खोचता घालायचा असेल तर खालची कड पँटच्या चेनच्या मधोमध कुठेतरी यावी. त्याहून खाली गेली तर शर्ट बाहेर राहून गेल्यासारखा दिसतो. लोकांची ही अडचण इतकी खरी आहे की फक्त न खोचता घालायचे शर्ट विकायचे म्हणून 2011 मध्ये अमेरिकेत 'अनटकइट' नावाची कंपनी निघाली. मला वाचून बरं वाटलं, आपण एकटे नाही.

त्या दुकानातून मी एक शँब्रे घेतला. अजून वापरतो. ऑक्सफर्ड मिळाला, पण त्यात चाळीस टक्के पॉलिएस्टर निघालं. ते कॉलरपाशी लिहिलेलं नव्हतं, डाव्या कुशीच्या शिवणीत आत दडवलेल्या छोट्या पट्टीवर होतं. ती पट्टी शोधायची सवय मला तेव्हापासून लागली. पॉलिएस्टरशी माझं वैर नाही, चुरगळत नाही हा त्याचा गुण आहेच. पण उकाड्यात तो शर्ट अंगाला चिकटतो, आणि मिश्र कापडावर कालांतराने जे बारीक गोळे येतात ते जातच नाहीत.

आउटलेटचा धडा लहान आहे. प्रसिद्ध ब्रँड, मोठी सूट, मी तीन शर्ट उचलले. माझी समजूत अशी की हा मुख्य दुकानातला उरलेला माल. तसा काही असतोही. पण अनेक ब्रँड आउटलेटसाठी वेगळा, हलका माल मुद्दाम बनवून घेतात, जो मुख्य दुकानात कधी लागलेलाच नसतो. माझ्या तिन्हींपैकी एकाची बटणं दोन महिन्यांत लोंबायला लागली. आता मी शर्ट उलटा करून बघतो. एका इंचात टीपेचे टाके किती? 14-15 किंवा जास्त असतील तर काम निगुतीचं आहे, 8-9 असतील तर घाईचं. आत कुशीच्या शिवणीत कापडाची कच्ची कड दिसते की दुमडून दाबटीप मारलेली आहे? काजाभोवती दोरे सुटलेत का? चौकडी असेल तर खिशावरच्या रेघा मागच्या कापडाशी जुळतात का? हे शेवटचं सगळ्यात बोलकं, कारण रेघा जुळवायला कापड वाया जातं आणि वेळ जातो. ज्याने तिथे कसूर केली नाही त्याने इतरत्रही सहसा केलेली नसते. पाठीवरचा योक, म्हणजे खांद्यालगतची आडवी पट्टी, दोन तुकड्यांचा आहे का, बटणं शिंपल्याची आहेत का, यावर लोक तासन् तास बोलतात. कॅज्युअल शर्टासाठी मला तरी त्याने काही फरक पडलेला नाही.

ऑनलाइन खरेदीला मी घाबरत होतो, पण चिठ्ठी खिशात असल्यावर तेच सगळ्यात सोपं निघालं. अट एकच, माप कशाचं दिलंय ते बघायचं. बऱ्याच ठिकाणी तक्ता असतो तो अंगाच्या मापाचा, 'छाती 100 असेल तर हा साइझ'. त्याचा मला उपयोग शून्य, कारण ढिलाई किती ठेवली आहे ते त्यातून कळत नाही. युनिक्लोसारखे काही ब्रँड तयार कपड्याचं माप साइझनुसार देतात, खांदा, लांबी, घेर, बाही सगळं. ते चिठ्ठीशी ताडून पाहायचं. कापडाचं वजन दिलं असेल तर तेही. एका चौरस मीटरला 110-120 ग्रॅम म्हणजे पातळ पॉपलिन, 150च्या पुढे ऑक्सफर्डचा भरीवपणा येतो. आणि मॉडेलच्या फोटोंना भुलायचं नाही, त्यांच्या पाठीमागे चिमटे लावलेले असतात. गिऱ्हाइकांनी टाकलेले वेडेवाकडे फोटो बघायचे. कॉलर दोन-चार धुण्यांनंतर कशी बसते हे तिथेच दिसतं. मी तीन शर्ट मागवले, दोन परत पाठवले, एक ठेवला. परत पाठवण्याचे नियम मी मागवण्याआधी वाचले होते, आणि लेबल न काढता घरातच तासभर घालून बघितले होते. पहिल्या दिवशीचा तो भाबडा माणूस आता उरला नव्हता.

फ्लॅनेलचा, म्हणजे मऊ लवदार कापडाचा, शर्ट मला वापरलेल्या कपड्यांच्या दुकानात मिळाला. घरी नाकं मुरडली गेली. पण विचार करा, त्या शर्टाचं जे आटायचं, विटायचं, सुटायचं ते सगळं आधीच होऊन गेलेलं आहे. जे समोर टांगलंय तेच शेवटपर्यंत राहणार. फक्त कॉलरची आतली बाजू, काखा आणि कोपरं उजेडात धरून बघायची. घरी आणून दोनदा गरम पाण्यात धुतला आणि वाद मिटला.

राहता राहिला ऑक्सफर्ड. मूळ दुखणं तेच. कॉलरला बटणं असलेला मऊ शर्ट ही तशी खेळाडूंची गोष्ट. इंग्लंडमधले पोलो खेळणारे वाऱ्याने कॉलर तोंडावर येऊ नये म्हणून टोकं अडकवून ठेवायचे, आणि ते बघून ब्रूक्स ब्रदर्स या अमेरिकन कपडेवाल्यांनी 1896च्या सुमारास तसे शर्ट विकायला काढले, असं सांगितलं जातं. त्या कॉलरला टोकाशी बटण आणि गळ्याशी बटण यांच्यामध्ये थोडी गोलाई यावी लागते. तयार शर्टांत कॉलर इतकी आखूड झाली आहे की ती गोलाई येतच नाही, ती छातीला चिकटून पडते. शेवटी मी कापड घेतलं. 58 इंच पन्ह्याचं असेल तर पूर्ण बाहीच्या शर्टाला 1.6 मीटर पुरतं, मी 1.75 घेतलं, रात्रभर पाण्यात भिजवून वाळवलं आणि टेलरकाकांकडे गेलो.

पहिला शर्ट त्यांनी मन लावून शिवला. माप तंतोतंत. कॉलर मात्र पुठ्ठ्यासारखी कडक. आयुष्यभर ऑफिसचे शर्ट शिवलेला हात, त्यांनी आत जाड बकरम, म्हणजे कॉलर ताठ ठेवणारं कापड, घातलं होतं. मी म्हटलं, "काका, कॉलर मऊ हवी होती." ते म्हणाले, "मऊ कॉलर पडते. लोक तक्रार करतात." मी म्हटलं, मला पडलेलीच हवी आहे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी बटणांशिवाय शर्ट मागितला. दुसऱ्या खेपेला बकरम बदललं, पातळ, न चिकटवलेलं. मऊ झाली, पण गोलाई येईना.

तिसऱ्या खेपेला मी जुना शर्ट सोबत नेला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून कॉलर बराच वेळ बोटांत फिरवली. "आतलं कापड वरच्यापेक्षा जरा लहान कापलंय," ते म्हणाले. "त्यामुळे वरचं फुगतं. पण किती लहान, ते बाहेरून सांगता येणार नाही. उसवावी लागेल. आणि एकदा ही उसवली की परत तशी लागणार नाही, हं."

मी शर्ट घडी करून घरी घेऊन आलो. तीन आठवडे तो खुर्चीच्या पाठीवर पडून होता. बायकोने एकदाच विचारलं, "घालणार आहात का पुन्हा?" मी काही बोललो नाही.

शनिवारी जाऊन देऊन आलो. काकांनी पावती फाडून हातात दिली. तिच्यावर लिहिलं होतं: निळा शर्ट एक, जुना, उसवण्यासाठी.