प्रॅक्टिकलला मार्क शून्य

माझी भाची यंदा बारावी सायन्सला आहे. मागच्या रविवारी फोनवर बोलताना तिने विचारलं, "मावशी, तुमच्या इकडच्या मुलांना केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला किती मार्क असतात गं?" तिला ३० असतात, लेखीला ७०. मी म्हटलं, "शून्य." ती क्षणभर गप्प झाली आणि मग म्हणाली, "मग ती मुलं प्रॅक्टिकल करतात कशाला?"

तेव्हा फोनवर मला तिला धड उत्तर देता आलं नाही, कारण ते दोन वाक्यांत मावणारं नाही. म्हणून आज सविस्तर लिहितेय. ती वाचेलच, आणि ज्यांच्या घरी अकरावी-बारावीची मुलं आहेत त्यांनीही वाचावं असं वाटतं.

मी उत्तर इंग्लंडमधल्या एका सिक्स्थ फॉर्म कॉलेजात लॅब टेक्निशियन आहे. सिक्स्थ फॉर्म म्हणजे शाळेची शेवटची दोन वर्षं, आपली अकरावी-बारावीच समजा. शिकवणं हे माझं काम नाही. शिक्षक आठवडाभर आधी कळवतात की अमुक दिवशी, अमुक तासाला, इतक्या मुलांसाठी हा प्रयोग हवा. त्याप्रमाणे द्रावणं करायची, काचेची भांडी मोजून ट्रॉलीवर लावायची, प्रयोग आधी स्वतः करून बघायचा आणि तास संपला की सगळं परत मोजून घ्यायचं. उद्या सकाळी टायट्रेशन (तीव्रता माहीत असलेलं द्रावण थेंबाथेंबाने घालून दुसऱ्या द्रावणाची तीव्रता काढायचा प्रयोग) असेल तर आज दुपारी मी सोडियम हायड्रॉक्साइड विरघळवत असते. ०.१ मोलर द्रावणासाठी लिटरला ४ ग्रॅम. विरघळताना ते गरम होतं, म्हणून निवू द्यावं लागतं. वजन करेपर्यंत त्या गोळ्या हवेतलं पाणी शोषून घेतात, त्यामुळे बाटलीवर ०.१ लिहिलं तरी आत नेमकं तेवढंच आहे याची खात्री नसते. ती खात्री मी स्वतः टायट्रेट करून घेते आणि खरा आकडा शिक्षकांना चिठ्ठीवर लिहून देते. एम.एस्सी. करताना रसायनशास्त्राशी जितकी जवळीक झाली नव्हती, तितकी या ट्रॉलीने करून दिली.

आधी इथली रचना सांगते. सोळाव्या वर्षी जीसीएसई नावाची परीक्षा होते, ती आपल्या दहावीसारखी. त्यानंतर ए-लेव्हल. ए-लेव्हलला बहुतेक मुलं फक्त तीन विषय घेतात आणि दोन वर्षं तेवढेच शिकतात. भाषा सक्तीची नाही, आणि ग्रुप हा प्रकारच नाही. केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इतिहास घेतलेली मुलगी माझ्या लॅबमध्ये आहे. फिजिक्स, मॅथ्स आणि संगीत घेतलेला मुलगाही आहे. पीसीएम की पीसीबी या प्रश्नावर आपल्या घरांत जो जूनचा अख्खा महिना जातो, तसं काही इथे होत नाही.

ही मोकळीक मला आवडते, पण तिच्यातलं एक दुःखही मी रोज बघते. या देशात ए-लेव्हलला फिजिक्स घेणाऱ्यांत मुलींचा वाटा एक चतुर्थांशसुद्धा नाही. बायोलॉजीच्या तासाला लॅब मुलींनी भरलेली असते आणि पुढच्याच तासाला फिजिक्सला मोजून चार मुली येतात. आपल्याकडे सायन्स घेतलं की फिजिक्स बहुतेक येतंच, त्यामुळे ज्या मुलीला ते आवडेल असं कुणाला वाटलंही नसतं, तीसुद्धा दोन वर्षं त्या विषयासोबत राहते आणि कधी कधी त्यात रमते. सोळाव्या वर्षी विषय सोडायची मुभा दिली की तो का सोडला जातोय, हे कुणीतरी विचारायला हवं. माझ्या मते ते पुरेसं विचारलं जात नाही.

आता प्रॅक्टिकलकडे येते.

इंग्लंडमध्ये पूर्वी प्रयोगांचे मार्क ए-लेव्हलच्या निकालात धरले जायचे. मग लक्षात आलं की जवळजवळ सगळ्यांनाच वरचे मार्क मिळतात आणि ठरावीक प्रयोग घोटून घेतले जातात. २०१५ च्या सप्टेंबरपासून नवा अभ्यासक्रम आला आणि प्रयोगाचे मार्क ग्रेडमधून काढून टाकले. अनेक वैज्ञानिक संस्थांनी तेव्हा जोरदार आक्षेप घेतला होता. मार्क नसले तर शाळा प्रयोग करणंच सोडून देतील, ही त्यांची भीती साधार होती. म्हणून मधला मार्ग निघाला. प्रत्येक विज्ञान विषयात दोन वर्षांत किमान १२ प्रयोग करायचे, शिक्षकांनी ते वर्षभर बघायचे आणि शेवटी फक्त पास किंवा नाही एवढंच ठरवायचं. ग्रेडवर त्याचा परिणाम नाही, पण प्रमाणपत्रावर त्याची वेगळी नोंद असते आणि विज्ञानाच्या बऱ्याच पदवी अभ्यासक्रमांना प्रवेश देताना ती मागतात. आणि लेखी परीक्षेतले किमान १५ टक्के गुण प्रयोगांवरच्या प्रश्नांना ठेवले. ब्युरेटमध्ये, म्हणजे द्रावण मोजून थेंबाथेंबाने सोडायच्या तोटीच्या नळीत, हवेचा बुडबुडा राहिला तर उत्तरावर काय परिणाम होईल? तो परिणाम वरच्या बाजूला की खालच्या? असले प्रश्न. ज्याने खरोखर ब्युरेट हातात धरली आहे, त्याला हे पाठ करावं लागत नाही.

पास की नाही हे ठरवताना शिक्षक काय बघतात, तर लिहून दिलेली कृती नीट पाळता येते का, अडचण आली तर स्वतः मार्ग काढता येतो का, उपकरणं सुरक्षितपणे वापरतो का, नोंदी जशाच्या तशा करतो का, आणि जे केलं ते संदर्भांसह मांडता येतं का. उत्तर बरोबर आलं का, हे या यादीत कुठेही नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी ती यादी दोनदा वाचली होती.

मागच्या महिन्यातली गोष्ट. शाळेच्या बाराव्या वर्षाचा, म्हणजे आपल्या अकरावीचा वर्ग होता. फ्लास्कमध्ये २५ घन सेंटीमीटर आम्ल, ब्युरेटमध्ये माझं सोडियम हायड्रॉक्साइड, आणि आम्ल संपलं की रंग बदलणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब. खिडकीजवळच्या मुलीचं पहिलं रीडिंग २४.६० आलं, दुसरं २४.९५. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मिस, माझं दुसरं बिघडलं." मी म्हटलं, बिघडलं म्हणजे काय ते बघ. ती परत गेली, ब्युरेटच्या तोटीकडे वाकून बघत राहिली, आणि मग तिला आठवलं की दुसऱ्या खेपेला भरताना तोटीखालच्या नळीत बुडबुडा दिसला होता आणि तिने तो काढला नव्हता. थेंब पडता पडता तो निघून गेला. त्याची जागा द्रावणाने घेतली, आणि जे फ्लास्कमध्ये पडलंच नाही तेही रीडिंगमध्ये मोजलं गेलं. तिने २४.९५ खोडलं नाही. त्याच्यापुढे पेनाने लिहिलं, "नळीत बुडबुडा होता, सरासरीत धरलेलं नाही." तिसरं रीडिंग २४.६५ आलं. दोन रीडिंगमधला फरक ०.१० च्या आत असला की ती जुळली असं धरतात. तिने त्या दोघांचीच सरासरी काढली.

मग तिने एक गोष्ट केली जी मी बारावीत कधीच केली नव्हती. ब्युरेटचं एक रीडिंग ०.०५ ने इकडेतिकडे होऊ शकतं, सुरुवातीचं आणि शेवटचं मिळून ०.१०. म्हणजे २४.६ मध्ये साधारण ०.४ टक्के अनिश्चितता. हा आकडा तिने उत्तराच्या शेजारी लिहिला. आम्ल जास्त विरळ असतं आणि १० घन सेंटीमीटरमध्येच रंग बदलला असता, तर हीच अनिश्चितता १ टक्का झाली असती. म्हणून प्रयोग आखतानाच द्रावणांची तीव्रता अशी निवडतात की रीडिंग पंचविसाच्या आसपास यावं. इतकी वर्षं टायट्रेशन करून हे कारण मला इथे, सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या वहीत वाचून कळलं.

माझ्या बारावीत आम्ही काय करायचो ते सांगते. सीनियरचं जर्नल समोर असायचं. उत्तर काय यायला हवं हे माहीत असायचं, त्यावरून उलटं गणित करून रीडिंग लिहायचं आणि तीनही रीडिंग अगदी सारखी. जर्नलवर सही व्हायची, परीक्षेला बाहेरचे परीक्षक यायचे, तोंडी परीक्षेत दोन प्रश्न विचारायचे, आणि ३० पैकी २८-२९ पडायचे. आमच्या सरांना मी दोष देत नाही. ६० मुलं, दीड तास आणि मोजक्या ब्युरेट असताना त्यांनी काय करायचं? पण मार्क उत्तरावर असले की मूल उत्तराला घाबरतं, आणि घाबरलेलं मूल रीडिंग बनवतं. त्या मुलीला २४.९५ लिहून ठेवायची हिंमत झाली, कारण त्याने तिचं काहीच जाणार नव्हतं.

दुसरा एक प्रयोग माझा फार लाडका आहे. सॅलिसिलिक आम्लापासून अ‍ॅस्पिरिन करतात. पांढरे स्फटिक गाळायचे, पुन्हा विरघळवून पुन्हा स्फटिक करायचे, वाळवायचे आणि मग केसासारख्या बारीक नळीत भरून वितळणबिंदू बघायचा. शुद्ध अ‍ॅस्पिरिन साधारण १३५ अंशांना आणि झटकन वितळतं. एका मुलाचं १२८ ला वितळायला लागलं आणि १३३ पर्यंत वितळतच राहिलं. त्याने भिंगातून बघत तो सगळा प्रवास लिहून काढला, आणि खाली लिहिलं की माझा पदार्थ अशुद्ध आहे, बहुधा नीट वाळलेला नाही. त्या वाक्याला शिक्षिकेने बरोबरची खूण केली. ती वही मी ट्रॉलीवरून परत नेताना पाहिली, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं.

सुरक्षिततेबद्दलही लिहायला हवं. आम्ही पिपेटमध्ये, म्हणजे ठरावीक द्रव मोजून घ्यायच्या काचनळीत, द्रव तोंडाने ओढायचो, आम्लसुद्धा. इथे ते कल्पनेतही बसत नाही. प्रत्येक पिपेटला रबरी फिलर असतो, डोळ्यांवर गॉगल नसेल तर मुलाला टेबलापाशी उभं राहू देत नाहीत, आणि प्रत्येक रसायनाचा धोका आधी कागदावर मांडावा लागतो. त्यासाठी शाळांना सल्ला देणारी क्लीप्स नावाची संस्था आहे. अडलं की मी त्यांची माहितीपत्रकं उघडते. भाचीला मी पहिली भेट पाठवली ती गॉगलची. कॉलेजात कुणीच घालत नाही, असं ती म्हणाली. तरी घाल, असं मी सांगितलंय.

इथे सगळं छान आहे असं वाचून कुणाचा समज होऊ नये. आपला बारावीचा अभ्यासक्रम काही बाबतींत खोल आहे. इथल्या ए-लेव्हल फिजिक्सला कॅल्क्युलस लागत नाही. मॅथ्स वेगळा विषय म्हणून घेतलं नसेल, तर मूल डेरिव्हेटिव्ह न शिकताच फिजिक्स पूर्ण करू शकतं, आणि इंजिनीअरिंगला गेल्यावर त्याला धाप लागते. ताणही आहेच. शाळेच्या तेराव्या वर्षाच्या, म्हणजे आपल्या बारावीच्या सुरुवातीला, परीक्षेच्या कितीतरी आधी, शिक्षक प्रत्येक मुलाची अंदाजित ग्रेड देतात आणि त्या अंदाजावर विद्यापीठं सशर्त प्रवेश देतात. मेडिकल, ऑक्सफर्ड आणि केंब्रिजसाठी अर्जाची मुदत १५ ऑक्टोबर. त्या पंधरा दिवसांत माझ्या लॅबमध्ये मुलांच्या हातून सर्वांत जास्त काच फुटते. एखाद्या शिक्षकाने अंदाज कमी दिला म्हणून कोपऱ्यात रडणारी मुलगी मी बघितली आहे. ऑगस्टमध्ये खरा निकाल लागेपर्यंत ती सावली तिच्या डोक्यावरून हलली नव्हती.

हे सगळं मी भाचीला त्या रविवारी सांगू शकले नाही. पण काल संध्याकाळी तिने तिच्या कच्च्या वहीचा फोटो पाठवला. ऑक्झॅलिक आम्लाचं टायट्रेशन, शाईचे डाग पडलेला तक्ता, आणि तीन रीडिंग. १०.२, १०.२, १०.६.

"मावशी, तिसरं जुळत नाहीये. मैत्रीण म्हणतेय १०.२ लिहून टाक. काय करू?"

मी विचारलं, पुन्हा लॅब कधी आहे. शनिवारी, म्हणाली.

"खोडू नकोस. शनिवारी चौथं घे."