पानं हलतात तिथलेच दहा सेकंद
आईच्या बागेचा दहा मिनिटांचा व्हिडिओ मी तयार सेटिंगवरच एक्स्पोर्ट केला आणि फाइल झाली तब्बल ३ जीबी. बिटरेट, म्हणजे व्हिडिओच्या एका सेकंदाला लागणारा डेटा, बघते तर ४० एमबीपीएस (सेकंदाला ४० मेगाबिट)! फाइलच्या आकाराचा हिशोब सोपा आहे: बिटरेट गुणिले सेकंद, भागिले आठ (आठ बिटांचा एक बाइट). मग चित्राचा आकार १०८०पी, व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत एच.२६४ आणि बिटरेट ८ एमबीपीएस ठेवला; ६०० एमबीत काम झालं. जास्वंदीच्या पाकळीवरच्या शिरा दोन्हींत सारख्याच दिसल्या. वाऱ्यात हलणारी दाट पानं मात्र चौकटी-चौकटींची झाली, म्हणून बिटरेट १२ केला.

फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम), शूटिंगचाच ठेवा. २५चं चित्रण ३०वर काढलं की बहुतेकदा सेकंदाला पाच फ्रेम दुबार येतात, कॅमेरा फिरताना चित्र अडखळतं. मला ते फार खुपतं. आता आधी पानं हलतात तेवढे दहा सेकंदच एक्स्पोर्ट करून पाहते.